शिरपाव, किनखाब आणि शिरोदक

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कुणाचा सन्मान करायचा असेल तर त्याच्या गळ्यात केशरी कापड घालतात. त्याला 'सिरोपा' म्हणतात. तिथून हदगावकडे निघालात, तर वाटेवरच्या कुठल्याही लग्नघरी मानपानाची चर्चा कानावर येईल. कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला फेटा, कुणाला पूर्ण आहेर. फेटा बांधायचा राहिला म्हणून रुसलेला व्याही अजून दुर्मिळ झालेला नाही. गुरुद्वाऱ्यातला सिरोपा आणि मांडवातला पूर्ण आहेर यांचे जुने नाते आहे. फारसीत 'सर-ओ-पा' म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत. बादशहाने माणसाला नखशिखांत पोशाख द्यायचा आणि त्याने तो अंगावर चढवून आपण कुणाचे आहोत हे भर दरबारात दाखवायचे, अशी ती रीत होती. मराठीने त्या शब्दाचा 'शिरपाव' केला आणि इतका आपला केला की त्याचे मूळ फारसी आहे हे सांगावे लागते.

उंची कापडाची मराठी नावे एकाच ठिकाणची नाहीत. काही संस्कृतातून आली, काही फारसीतून, काही मागावरच जन्मली. राजेबादशहांनी कापडाला नावे दिली, आवडली नाहीत ती बदलली, बदललेल्या नावांचे कोशही करवले. पण कोणते नाव टिकले आणि कोणते मेले याचा हिशेब पाहिला, तर राजाच्या शब्दाला कापडाच्या बाजारात फारशी किंमत नव्हती असेच म्हणावे लागते.

सुरुवात कल्याणीपासून करू. आज हे गाव बसवकल्याण म्हणून ओळखले जाते आणि कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात आहे. बाराव्या शतकात ती चालुक्यांची राजधानी होती आणि आजच्या नांदेड-लातूरचा मुलूख तिच्या छायेत होता. देगलूर तालुक्यातल्या होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर त्याच काळाचे. या गादीवर ११२७ च्या सुमारास बसलेला तिसरा सोमेश्वर हा मोठा हौशी राजा होता. त्याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या आसपासचा आहे. राजाने राज्य कसे चालवावे इथपासून हत्ती कसा पकडावा, मासा कसा शिजवावा, कोणते खेळ खेळावेत इथपर्यंत शंभर अध्यायांत सगळे काही आहे. त्यात 'वस्त्रोपभोग' नावाचे एक प्रकरण आहे. कापड कापसाचे, रेशमाचे, जवसाच्या धाग्याचे की लोकरीचे, कोणत्या ऋतूत कोणते नेसावे, कोणत्या प्रसंगी कोणते, याची त्यात नीट व्यवस्था लावली आहे.

माझ्या मते त्या प्रकरणातली खरी मौज ठिकाणांच्या यादीत आहे. मुलतान, वंग, कलिंग, सिंहलद्वीप, नागपट्टण, महाचीन. कल्याणीचा राजा या सगळ्या ठिकाणांचे कापड ओळखत होता, आणि ओळखत होता ते ठिकाणाच्या नावाने. युरोपातही हेच चालले होते. मोसुलवरून मलमलीला मस्लिन नाव पडले, दमास्कसवरून डमास्क आले. कापड जिथून आले ते त्याचे नाव, ही व्यापाऱ्यांची पद्धत. राजा कितीही मोठा असो, तो पेढीवरचीच भाषा बोलत होता.

रंगांची नावे मात्र रंगाऱ्यांची आहेत. मंजिष्ठेचा तांबडा, लाखेचा लाल, हळदीचा पिवळा, निळीचा निळा, करडईच्या फुलाचा 'कौसुंभ'. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

यादवांच्या काळात मराठी लिहिती झाली आणि कापडाचे शब्द तिच्यात आले. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानेश्वरांनी वाङ्मयरूपी गणेशाचे वर्णन करताना सुंदर पदरचनेला त्याचे रंगीत, तलम वस्त्र म्हटले आहे. १२९० सालच्या श्रोत्याला तलम विणीची पारख असल्याशिवाय ही उपमा सुचत नाही आणि पटतही नाही. लीळाचरित्रात तर रोजच्या वापरातले कपडे आहेत : आंगी, टोपरे, दुटी, पासवडी. महानुभावांचे माहूर हदगावपासून फार लांब नाही, आणि या शब्दांतली 'पासोडी' आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी परवापरवापर्यंत होती. उंची कापडासाठी जुन्या मराठीत पाटोळा, पाटाव, नेत, पीतांबर अशी नावे येतात. त्यातच एक 'क्षीरोदक' आहे. दुधाच्या पाण्यासारखे शुभ्र रेशमी वस्त्र ते क्षीरोदक. तिकडे मिथिलेत चौदाव्या शतकात ज्योतिरीश्वर ठाकुराने 'वर्णरत्नाकर' लिहिला, त्यातही कापडांची अशीच लांबलचक यादी आहे. मेघउदुंबर, गंगासागर, लक्ष्मीविलास अशी एकाहून एक भारदस्त नावे. कवीने वर्णनासाठी हाताशी असाव्यात म्हणून केलेली ती जंत्री होती. यातले एकही नाव आज कुठल्या दुकानात ऐकायला मिळत नाही.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर झडप घातली. यादव राजा रामदेवरायाने जी खंडणी दिली तिच्यात सोने, मोती आणि रत्नांच्या जोडीला रेशमी कापडाचे चार हजार नग होते, असे फरिश्ता सांगतो. तो तीनशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे आकड्यावर हात ठेवून शपथ घेऊ नये. पण रेशमाची गणना सोन्याच्या पंगतीत होत होती एवढे त्यावरून कळते.

पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत देवगिरीचे दौलताबाद झाले आणि दिल्लीच्या सुलतानाने आपली राजधानीच तिथे आणली. त्या मुहम्मद तुघलकाच्या कारखान्यांची माहिती अल्-उमरी या अरब लेखकाने नोंदवली आहे. त्याने स्वतः हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. प्रवाशांना विचारून विचारून त्याने लिहिले. तो म्हणतो, सुलतानाच्या पदरी चार हजार रेशीमकाम करणारे होते आणि पाचशे जण केवळ जरीचे कापड विणत. वर्षाला दोन लाख पोशाख वाटले जात, एक लाख वसंतात आणि एक लाख शरदात. आकडे फुगवलेले असतील. तरी पोशाख वाटणे हा राज्यकारभाराचा केवढा मोठा विभाग होता ते दिसते. आज सरकार जे आदेश कागदावर काढते, ते तेव्हा कापडावर निघत.

याच पोशाखाला अरबी-फारसीत 'खिलत' म्हणत. औरंगाबादचे हिमरू विणणारे आपल्या धंद्याचे मूळ तुघलकाबरोबर आलेल्या विणकरांपर्यंत नेतात. परंपरा आहे, आणि अशक्य काही नाही. दक्षिणेत फारसी नावांचे कापड आता रुळू लागले होते. अतलस, ताफ्ता, मखमल, मशरू, किनखाब. मशरूची गंमत अशी की त्याची दर्शनी बाजू रेशमी आणि आतली सुती. निव्वळ रेशीम पुरुषाच्या अंगाला लागू नये असा इस्लामी दंडक होता. विणकराने रेशीम वर ठेवले, सूत अंगालगत दिले आणि धर्म व शौक या दोघांनाही खूश केले.

१३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि पंधराव्या शतकात त्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली. कंधार, उदगीर, नांदेड ही आता राजधानीच्या शेजारची गावे झाली. या बिदरमध्ये १४७० च्या आसपास अफानासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी येऊन राहिला. बाजारात घोडे, रेशीम आणि नक्षीचे रेशमी कापड विकले जाते असे त्याने लिहिले. सुलतानाची मिरवणूकही पाहिली. सुलतानाच्या अंगरख्यावर रत्ने जडवलेली, टोपीवर मोठा हिरा, पुढेमागे झूल घातलेले हत्ती. आणि त्याच वहीत तो लिहून गेला की या देशात माणसे फार, खेड्यातले लोक अगदी उघडे, आणि सरदार मात्र भारी थाटाचे. भरजरी कापडावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य उशाशी ठेवावे. किनखाब आणि लंगोटी एकाच बाजारपेठेत होती.

जरीचे काम कसे होई तेही पाहू, कारण त्यातले शब्द कुठल्याही दरबारातून आलेले नाहीत. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती तापवून ठोकायची. मग पोलादी जंत्रीच्या एकाहून एक बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ती ओढत न्यायची. हे काम तारकशाचे. केसासारखी तार निघाली की ती ठोकून चपटी करायची, तो बादला. बादला रेशमी धाग्यावर गुंडाळला की झाला कलाबतू. हा कलाबतू मागावर गेला की कापडात सोने दिसे. तारकश, चपटे करणारा, वळणारा, विणणारा असे किती तरी हात त्यामागे असत. खिलतीच्या नोंदीत यांपैकी एकाचेही नाव येत नाही. त्यांच्या अवजारांची आणि कामांची नावे तेवढी भाषेत राहिली.

आता बादशहांनी शब्दांवर चालवलेल्या हुकमाची गोष्ट. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या तोशाखान्याचे वर्णन केले आहे. त्यात जरबफ्त, ताश, किनखाब अशी सोनेरी कापडांची वर्गवारी आणि किमती आहेत. पण त्याच भागात तो एक गमतीदार गोष्ट सांगतो. अकबराने वस्त्रांना नवी देशी नावे दिली. जाम्याला 'सर्बगाती', कारण तो सर्वांग झाकतो. शालीला 'परमनरम'. बुरख्याला 'चित्रगुपित'. टोपीला 'सीससोभा'. जोड्याला 'चरनधरन'. फारसीत कारभार करणाऱ्या मोगल बादशहाला हिंदवी नावांची हौस वाटावी ही मोठी लोभस गोष्ट आहे. पण शाल शालच राहिली. परमनरम हा शब्द बाजारात रुळला नाही.

पाऊणशे-ऐंशी वर्षांनी रायगडावर याच्या उलट दिशेचा प्रयोग झाला. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्द, फारसीच्या जागी संस्कृत. त्यात उंची वस्त्रे ठेवण्याच्या जामदारखान्याला 'वसनागार' हा शब्द आला. शब्द सुरेख आहे. कोशाचे राजकीय महत्त्व तर वादातीत आहे, स्वतःचे राज्य स्वतःच्या शब्दांत चालावे हा विचार त्या काळात किती जणांना सुचला असेल? पण पेशव्यांच्या दफ्तरात पाहावे तर जामदारखाना आहे, किनखाब आहे, शालजोडी आहे, मंदील आहे. अकबराची नावे आणि रायगडचा हा शब्द, दोन्हींची गत एकच झाली. कापडाचे नाव ठाणाबरोबर येते. व्यापारी जे म्हणतो तेच गिऱ्हाईक म्हणते, आणि गिऱ्हाईक राजा असला तरी त्यात फरक पडत नाही.

कापडाचे राजकारण मात्र महाराजांना पुरेपूर कळत होते. १२ मे १६६६ चा आग्ऱ्याचा दरबार बहुतेकांना ठाऊक असतो तो त्यांना मागच्या रांगेत उभे केले म्हणून. अंबरच्या राजघराण्यातल्या कारभाऱ्यांची त्या दिवसांतली राजस्थानी पत्रे वाचली की आणखी एक तपशील दिसतो. खिलती वाटल्या गेल्या. शहजाद्यांना मिळाल्या, वजीर जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंहाला मिळाली. शिवाजीराजांना मिळाली नाही. तिथे त्यांच्या रागाचा बांध फुटला. अंबरचा राजपुत्र रामसिंह समजूत घालू लागला तर त्यांनी सिंहासनाकडे पाठ फिरवली. नंतर बादशहाने माणसे पाठवून शिरपाव देऊ केला, तेव्हा त्यांनी तो घ्यायला नकार दिला. खिलत न मिळणे हा अपमान होता, आणि उशिरा मिळालेली अंगावर घालणे ही शरणागती झाली असती. त्या कापडाचे वजन कळल्यामुळेच त्यांनी ते झिडकारले.

आपल्या भागातली उलट बाजूही सांगायला हवी. माहूरच्या देशमुख घराण्यातल्या सावित्रीबाई मोगलांच्या बाजूने लढल्या आणि 'रायबागन' ही पदवी मिरवली. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर त्या महाराजांच्या कोंडीत सापडल्या होत्या. पदवी, घोडा, मनसब आणि खिलत हा बादशाही कृपेचा ठरलेला संच होता. वऱ्हाड-मराठवाड्याच्या कित्येक देशमुख-देशपांड्यांनी तो आनंदाने घेतला. त्यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. त्यांच्या गावावरून रोज कुणाची ना कुणाची फौज जात होती हे विसरू नये.

नांदेडला सिरोपा आला तो याच परंपरेतून. औरंगजेबानंतर गादीवर आलेल्या बहादूरशहाने १७०७ च्या पावसाळ्यात आग्ऱ्याला गुरू गोविंदसिंहांना खिलत आणि रत्नजडित धुकधुकी दिली. गुरूंनी त्याच वर्षी आपल्या संगतीला पाठवलेल्या हुकुमनाम्यात सिरोपा आणि साठ हजारांच्या धुकधुकीचा उल्लेख आहे. हा पोशाख त्यांनी दरबारात अंगावर चढवला नाही, आपल्या मुक्कामी नेला, असे परंपरा सांगते. पुढे बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत आला, गुरूही छावणीबरोबर गोदावरीकाठी आले, आणि ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेडलाच त्यांचे देहावसान झाले. शिखांनी बादशाही शब्द ठेवला आणि त्यातली बादशाही काढून टाकली. आता सिरोपा गुरूच्या दरबारातून मिळतो आणि तो साध्या कापडाचा असतो.

मराठ्यांनी याच चालीला आपल्या राज्यघटनेत जागा दिली. साताऱ्याच्या छत्रपतींनी वस्त्रे दिल्याशिवाय पेशवा होता येत नसे. म्हणूनच मराठीत 'पेशवाईची वस्त्रे', 'सुभेदारीची वस्त्रे' असे शब्द रूढ झाले, पद आणि पोशाख एकच झाले. नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, तेव्हा बारभाईंनी सर्वांत आधी काय केले? साताऱ्याहून वस्त्रे आणवली. ज्याच्या नावाने ती आली तो पेशवा जेमतेम सव्वा महिन्याचा होता. त्या वस्त्रांतला मंदील त्याच्या डोक्यावर बसणे शक्य नव्हते, पण वस्त्रे आल्यामुळे रघुनाथरावांचा दावा लंगडा पडला.

या काळातल्या कागदांत कपडे 'सनगे' म्हणून मोजतात. इतकी सनगे, अमुक मंदील, तमुक शेला, एक किनखाब, एक महमुदी, आणि पुढे किंमत. दिलेल्या सनगांच्या संख्येवरून माणसाची पायरी कळे. मोगलांकडेही खिलत तीन नगी, पाच नगी, सात नगी अशी चढती असे. आपल्याकडचा 'टॉवेल-टोपी की पूर्ण आहेर' हा घोळ याच हिशेबाचा धाकटा अवतार आहे.

थोरल्या माधवराव पेशव्यांचे एक पत्र मात्र मला या सगळ्याहून जवळचे वाटते. त्यात त्यांनी पैठणहून असावली दुपट्टे मागवले आहेत आणि रंग सांगितले आहेत : लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. निजामाशी आणि हैदरअलीशी झुंजणारा हा करारी पेशवा दुपट्ट्याचा डाळिंबी रंग विसरत नाही. आणि तो जे शब्द वापरतो ते थेट मागावरचे आहेत. असावली म्हणजे वेलीची फुलांसह नक्षी. पैठणीच्या काठापदरात ती आडव्या धाग्यांनी विणतात. प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली आणि उलटी-सुलटी बाजू सारखीच. भरतकामाचा टाका त्यात नसतो.

नारळी काठ, बांगडीमोर, मुनिया, कमळ, बारवा. विणकरांची ही नावे बघा. सोने किती, किंमत काय, कुणी दिले, यातले काहीही त्यांत नाही. हाताला जे उमटवायचे आहे त्याचे नाव, बस्स. रंगांच्या नावांत कुसुंबी आहे, म्हणजे कल्याणीच्या सोमेश्वराने नोंदवलेला कौसुंभ. पोफळी आहे, नीळगुंजी आहे, काळी चंद्रकळा आहे. आणि पांढऱ्याशुभ्र पैठणीला विणकर 'शिरोदक' म्हणतात. हे जुन्या मराठीतले क्षीरोदकच. वर्णरत्नाकरातली लक्ष्मीविलासे गेली, अकबराचे परमनरम गेले, वसनागार कोशात राहिले. शिरोदक मात्र सात शतके मागावर बसून राहिले.

नांदेडचे नशीब एवढे चांगले नव्हते. इथल्या काळ्या मातीत गावरानी कापूस होई आणि त्यापासून तलम सूत निघे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या इंपीरिअल गॅझेटियरने नांदेडची तलम मलमल आणि जरीकाठी उपरणी आवर्जून नोंदवली आहेत. त्यानंतर गिरण्यांचे सूत आले, नांदेडात उस्मानशाही मिल उभी राहिली, आणि हातमागाची मलमल संपली. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नांदेडी मलमलीचे मानांकन मागायला मागच उरला नाही. तिच्या प्रतींना, काठांना, रंगांना इथले कोष्टी-साळी काय म्हणत, ते एकत्र नोंदवलेले माझ्या पाहण्यात नाही.

हे शब्द पूर्ण गेले असतील असे मात्र मानू नये. निजामाच्या दफ्तरात फारसी आणि पुढे उर्दू चालली, तरी घरचा जमाखर्च मोडीतच लिहिला जाई. लग्नात कुणी किती सनगे आणली, कुणाला काय दिले, याच्या याद्या हदगाव, कंधार, देगलूर, उदगीरच्या जुन्या घरांत अजून सापडू शकतात. तुमच्या माळ्यावर असा रुमालात बांधलेला दफ्तराचा गठ्ठा असेल तर तो रद्दीत घालू नका, मोडी वाचणाऱ्या कुणाकडे तरी न्या. आणि पेटीत आजीचे लुगडे असेल तर त्याच्या काठाला ती काय म्हणते ते आजच विचारून, तारखेसह लिहून ठेवा.